अण्णा शिकागोच्या बीट मीटिंगला जातात तेव्हा

मागच्या उन्हाळ्यात आई-अण्णा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे शिकागोला आले होते. परदेशी मुलाकडे आलेल्या बहुतेक आई-वडिलांचं होतं तेच त्यांचंही झालं. पहिले पंधरा दिवस मिशिगन तळं, उंच इमारती, देवळं आणि डेव्हन ॲव्हेन्यूवरची देशी दुकानं यांत गेले. सोळाव्या दिवशी अण्णा खिडकीत बसून म्हणाले, "आता काय करायचं?"

अण्णा पोलीस खात्यातून सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झाले. पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत त्यांची चौतीस वर्षं खाकीत गेली. माझं सगळं बालपण पोलीस लाईनीत गेलं. एवढ्या नोकरीनंतर माणसाला रिकामं बसवत नाही. एका संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "अण्णा, आज आपल्या भागाची बीट मीटिंग आहे. येताय का?"

"बीट?" अण्णा ताठ बसले. "इथंबी बीट असतंय?"

असतं. आपल्याकडे बीट हवालदार असतो तसाच इथे बीट ऑफिसर असतो. शब्द एकच आहे, इंग्रजांनी दोन्हीकडे नेऊन ठेवलेला.

ग्रंथालयाच्या छोट्या हॉलमध्ये वीसेक माणसं घडीच्या खुर्च्यांवर बसली होती, बरीचशी साठीच्या पुढची. समोर गणवेशातले दोन पोलीस उभे होते. विषय रोजचेच होते. गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोरीला जातात, मागच्या गल्लीतला दिवा बंद आहे, एका रिकाम्या घरात रात्री कुणीतरी शिरतं. एक आजीबाई उठल्या आणि म्हणाल्या, "मागच्या महिन्यात तुम्ही या घराचं बघतो म्हणाला होतात. त्याचं काय झालं?" पोलिसाने कागद काढला आणि काय केलं, काय राहिलं ते सांगितलं. आजींचं समाधान झालं नाही, पण त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

अण्णांना इंग्रजी निम्मंच कळलं असेल, पण बघायचं ते त्यांनी सगळं बघितलं. परत येताना म्हणाले, "लोक बसले होते आणि पोलीस उभे होते. आमच्यात उलटं." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "त्या म्हातारीनं मागच्या महिन्याचं विचारलं बघ. तिथं खरी गोम हाय. शांतता समितीच्या बैठकीत मागच्या बैठकीचं कुणी विचारत नाही. चहा घेतात आणि जातात."

पोलीस आणि लोक यांच्या नात्यावर गेली सत्तर वर्षं चाललेलं संशोधन मी अधूनमधून वाचतो. पोलिसाचा मुलगा म्हणून वाचतो, आणि आकडेवारीशी रोजचा संबंध असल्यामुळेही. अण्णांनी अर्ध्या तासात जे टिपलं, ते या संशोधनात बऱ्याच पानांवर पसरलेलं आहे.

पाच जिल्ह्यांपासून सुरुवात

आम्ही राहतो तो भाग पोलिसांच्या रॉजर्स पार्क जिल्ह्यात येतो. १९९३ मध्ये शिकागो पोलिसांनी 'कॅप्स' नावाचा सामुदायिक पोलिसिंगचा कार्यक्रम पाच जिल्ह्यांत सुरू केला, त्यातला हा एक. पुढे तो शहरभर गेला. तेव्हा शहराचे २७९ बीट होते. कल्पना साधी होती. एका बीटवर शक्यतो तेच पोलीस टिकवायचे, म्हणजे ते लोकांना आणि लोक त्यांना ओळखतील. तातडीच्या फोनवर धावायला दुसऱ्या गाड्या ठेवायच्या. दर महिन्याला लोकांबरोबर बसायचं. आणि कचरा, बंद दिवे, सोडून दिलेल्या गाड्या हे 'पोलिसांचं काम नाही' म्हणून टाळायचं नाही, महापालिकेकडून करून घ्यायचं.

आमच्या भागाला लागूनच इव्हॅन्स्टनमध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आहे. तिथल्या वेस्ली स्कोगन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कार्यक्रमाचा दहा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला. बैठकांना बसले, माणसं मोजली, सर्वेक्षणं घेतली. २००६ मध्ये आलेल्या पुस्तकात त्यांनी शिकागोला 'तीन शहरं' म्हटलं: गोऱ्यांचं, कृष्णवर्णीयांचं आणि लॅटिनो लोकांचं. कार्यक्रम एकच, पण फळं वेगवेगळी. कृष्णवर्णीय वस्त्यांत बैठकांना लोक मोठ्या संख्येने आले आणि परिस्थिती बऱ्यापैकी सुधारली. लॅटिनो वस्त्यांत, विशेषतः स्पॅनिशच बोलणाऱ्या नव्या स्थलांतरितांत, लोक फिरकलेच नाहीत. भाषेची अडचण होती, कागदपत्रांची भीती होती, आणि मायदेशातल्या पोलिसांचा अनुभव गाठीशी होता.

हे वाचताना मला ओशाळल्यासारखं झालं. डेव्हनच्या आसपास हिंदी, उर्दू, गुजराती, तेलुगू बोलणारी हजारो माणसं राहतात. त्या बैठकीत अण्णा आणि मी धरून देशी चेहरे तीनच होते. मी स्वतः या भागात सहा वर्षं राहिल्यावर पहिल्यांदा बीट मीटिंगला गेलो, तेही माझ्याच गाडीचा कन्व्हर्टर चोरीला गेल्यावर.

दंड झाला तरी राग नाही

इथे आल्यापासून मला पोलिसांनी दोनदा थांबवलं, दोन्ही वेळा उपनगरांत. पहिल्यांदा वेग जास्त होता. पोलीस खिडकीशी आला, नाव सांगितलं, का थांबवलं ते सांगितलं, "काही घाईचं कारण होतं का?" असं विचारलं. कारण नव्हतं. त्याने दंडाची पावती दिली आणि जपून जा म्हणाला. मी पैसे भरले आणि विसरून गेलो.

दुसऱ्यांदा रात्रीचे अकरा वाजले होते, ऑफिसमधून परतत होतो. या पोलिसाने कारण सांगितलं नाही. मी विचारलं तर "प्रश्न मी विचारतो" एवढंच म्हणाला. गाडी कुणाची, कुठून आलास, इथे काय करतोस. वीस मिनिटं टॉर्चच्या उजेडात बसवून ठेवलं आणि मग "जा" म्हणाला. दंड नाही, पावती नाही, काही नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. आजही त्या रस्त्याने गेलो की हात स्टिअरिंगवर घट्ट होतात.

खिशाच्या हिशोबाने बघितलं तर मला पहिल्या प्रसंगाचा राग यायला हवा होता. तसं का होत नाही, याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी शिकागोतच शोधलं. त्यांनी १९८४ मध्ये शहरातल्या १,५७५ लोकांच्या फोनवरून मुलाखती घेतल्या आणि वर्षभराने त्यांतल्या ८०४ जणांशी पुन्हा बोलले. १९९० च्या त्यांच्या पुस्तकातला मुख्य निष्कर्ष असा की लोक कायदा पाळतात ते केवळ शिक्षेच्या भीतीने नाही. आपल्याशी न्यायाने वागलं गेलं असं वाटलं की निकाल विरोधात जाऊनही ते यंत्रणेला मानतात. आपलं ऐकून घेतलं का, कारण सांगितलं का, पक्षपात नव्हता ना, मान राखला का, या गोष्टींना लोक फार मोठं वजन देतात.

स्कोगन यांनी याला एक कडू पुरवणी जोडली. पोलिसांच्या चांगल्या आणि वाईट अनुभवांचा लोकांच्या मतावर किती परिणाम होतो, हे त्यांनी तपासलं. वाईट अनुभवाचा परिणाम चांगल्याच्या चार ते चौदा पट निघाला. म्हणजे एका उर्मट पोलिसाने केलेलं नुकसान भरून काढायला अनेक सज्जन पोलीस लागतात, आणि तरी ते भरेलच असं नाही.

मी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याला पुस्तक कशाला लागतंय? आमचे एक जुने फौजदार सांगायचे, माणसाला आत टाकायचं तर टाक, पण अरेतुरे करू नकोस. जेल विसरतो तो, अरेतुरे विसरत नाही."

डब्याची गोष्ट

इथवर सगळं ठीक होतं. पुढचा भाग अण्णांशी बोलणं अवघड होतं.

शिकागोहून गाडीने तासाभरावर इंडियाना राज्यात गॅरी नावाचं शहर आहे, पोलादाच्या कारखान्याचं. शिकागो विद्यापीठाचे विल्यम वेस्टली यांनी तिथल्या पोलिसांचा अभ्यास करून १९५१ मध्ये पीएच.डी. मिळवली. पोलिसांच्या संस्कृतीचा आतून केलेला हा अगदी सुरुवातीचा अभ्यास मानला जातो. कुणाला मारणं केव्हा योग्य ठरतं, असं त्यांनी पोलिसांना विचारलं. किमान ३७ टक्के पोलिसांच्या मते, पोलिसाचा मान राखायला लावण्यासाठी मारणं योग्य होतं. दुसरा प्रश्न होता सोबत्याने गुन्हा केला तर काय कराल. बरेच जण म्हणाले, तक्रार करणार नाही. लोक आपल्या विरोधात आहेत, साहेब पाठीशी उभा राहील याची खात्री नाही, उरतो फक्त सोबती. त्यामुळे तोंड बंद ठेवणं हा धंद्याचा पहिला नियम.

हे वाचलं तेव्हा मला अकरा वर्षांचा मी आठवलो. अण्णांचा डबा घेऊन ठाण्यात गेलो होतो. आतल्या खोलीतून एका माणसाच्या ओरडण्याचा आवाज येत होता. अण्णा बाहेरच्या टेबलावर डायरी लिहीत होते. ते उठले, माझ्या हातातून डबा घेतला आणि "घरी जा" एवढंच म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत. आईने विचारलं नाही, मीही नाही. लाईनीतली मुलं असले प्रश्न विचारत नाहीत, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

या वेळी मी विचारलं. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो.

"तुम्ही आत का गेला नाहीत?"

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जाऊन काय करणार होतो? लिहून देणार होतो? दुसऱ्या दिवशी त्याच्याच बरोबर यात्रेच्या बंदोबस्ताला जायचं होतं. दगड आला तर तोच माझ्या बाजूला उभा असणार."

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जेरोम स्कोलनिक यांनी १९६६ मध्ये हेच विद्यापीठाच्या भाषेत मांडलं. सततचा धोका, हातातली सत्ता आणि काम करून दाखवण्याचा दबाव, या तिन्हींतून पोलिसाचा एक स्वभाव तयार होतो. तो संशयी होतो, एकटा पडतो आणि आपल्याच माणसांना घट्ट धरतो. ब्रिटिश अभ्यासक पी. ए. जे. वॉडिंग्टन यांनी १९९९ मध्ये यावर एक सावधगिरीची सूचना केली. पोलीस कँटीनमध्ये जे बोलतात त्यावरून ते रस्त्यावर तसेच वागतील असं समजू नका, ते बोलणं पुष्कळदा ताण हलका करण्यासाठी असतं. हेही मला पटतं. लाईनीतल्या कट्ट्यावर सगळ्यात मोठमोठ्याने बढाया मारणारे काका ड्युटीवर कुणाच्या अंगाला बोटही लावत नसत. पण आतल्या खोलीतला तो आवाज बढाईचा नव्हता.

शिकागोने याची मोठी किंमत मोजली आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये लक्वान मॅकडोनल्ड या सतरा वर्षांच्या मुलावर एका पोलिसाने सोळा गोळ्या झाडल्या. पोलिसांनी सांगितलेली हकीकत वेगळी होती. वर्षभराने न्यायालयाच्या आदेशामुळे चित्रफीत बाहेर आली, तेव्हा लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की मुलगा दूर चालला होता. खात्यात मौनाचा अलिखित नियम आहे, हे तेव्हा महापौरांनाही जाहीरपणे कबूल करावं लागलं. २०१७ मध्ये केंद्रीय न्याय खात्याचा कठोर अहवाल आला आणि २०१९ पासून शिकागोचं पोलीस खातं न्यायालयाच्या देखरेखीखाली सुधारणा करतं आहे. दहा-वीस वर्षं बीट मीटिंगा घेतलेल्या शहरात हे घडलं. बैठकीत सौजन्याने बोलणं आणि सोबत्याचा गुन्हा झाकणं, एकाच खात्यात सुखाने नांदू शकतात.

शिकवून फरक पडतो का?

टायलर यांच्या विचारांवर आधारलेलं प्रशिक्षण शिकागोने हजारो पोलिसांना दिलं. २०२० मध्ये ८,४८० पोलिसांच्या नोंदींवरून शोधनिबंध आला: प्रशिक्षणानंतर तक्रारी १० टक्क्यांनी आणि बळाचा वापर ६.४ टक्क्यांनी कमी झाला. मी आनंदाने तो मित्रांना पाठवला. नंतर हिशोबाच्या पद्धतीत चूक सापडली. मूळ लेखकांनी ती नाकारली नाही. चूक दाखवणाऱ्यांनाच बरोबर घेऊन त्यांनी नवा हिशोब मांडला आणि सुधारित निष्कर्ष छापले. तक्रारी कमी झाल्या असं आता खात्रीने म्हणता येत नव्हतं. बळाच्या वापरात थोडी घट दिसत होती, तीही डळमळीत. आमच्या धंद्यात स्वतःच्या कोडमधली चूक सगळ्यांसमोर मान्य करणारा माणूस विरळा, म्हणून मला या लेखकांचं अप्रूप वाटलं. पोलीस खात्यालाही हेच जमायला हवं, असंही वाटून गेलं.

कोण भरती होतं, यानेही फरक पडतो. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात शिकागोच्या सुमारे सात हजार पोलिसांचा अभ्यास आला. त्यात एकाच भागात, एकाच वेळी, सारख्याच ड्युटीवर असलेल्या पोलिसांची तुलना होती. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक पोलीस गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा कमी लोकांना थांबवत होते आणि बळही कमी वापरत होते. महिला पोलीस पुरुषांपेक्षा कमी बळ वापरत होत्या.

बदली आणि चौदा तास

अण्णांना मी आणखी एक अभ्यास सांगितला. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांत सामुदायिक पोलिसिंगचे प्रयोग करून बघितले. २०२१ मध्ये निष्कर्ष आले, त्यांनुसार ना विश्वास वाढला, ना गुन्हे घटले. संशोधकांनी दिलेल्या कारणांत होतं की वरिष्ठांचा पाठिंबा टिकत नाही, माणसं आणि पैसा पुरत नाही आणि पोलिसांची सारखी बदली होते.

"बदली!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "गाव ओळखीचं व्हायला लागलं की आलीच ऑर्डर."

मग त्यांनीच भिवंडीचा विषय काढला. १९८४ ला भिवंडीत मोठी दंगल झाली होती. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून गेलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं आणि त्या भागातले पोलीस सणावारापुरते नव्हे, नेहमी एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी त्यावर लिहिलेलं 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' हे पुस्तक अण्णांच्या कपाटात आहे. मुद्दा तोच, शिकागोच्या आजीबाईंचा. बैठक एकदा घेऊन भागत नाही, मागच्या वेळचं विचारणारं कुणीतरी पुन्हा यावं लागतं.

पण चौदा तास उभ्या असलेल्या माणसाकडून सौजन्याची अपेक्षा किती करायची? 'कॉमन कॉज' आणि 'सीएसडीएस' यांनी २०१९ मध्ये २१ राज्यांतल्या सुमारे बारा हजार पोलिसांना विचारलं. रोजचं काम सरासरी चौदा तास निघालं आणि दोनांतल्या एकाला साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तोही एका साध्या शिपायाच्या सूचनेवरून. ही बातमी आली तेव्हा अण्णांनी मला फोन केला होता. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी ते बंदोबस्तात होते, त्याची आठवण त्यांना त्या दिवशी झाली.

दुसऱ्या महिन्याच्या बीट मीटिंगला अण्णा स्वतःहून तयार होऊन बसले. शेवटी "काही प्रश्न?" असं विचारल्यावर त्यांनी मला कोपराने ढोसलं. "त्याला विचार, तुझी ड्युटी किती तासांची?" मी विचारलं, वडील पोलिसात होते हेही सांगितलं. तो पोलीस हसला. म्हणाला, "कागदावर साडेआठ तास. पण सुट्ट्या रद्द होतात." अण्णांना भाषांतर करून सांगितलं तर म्हणाले, "सांग त्याला, सगळीकडं तसंच." निघताना दोघांनी हात मिळवले. अण्णांनी त्याच्या छातीवरच्या बिल्ल्याचा नंबर वाचला आणि स्वतःचा बक्कल नंबर मराठीत सांगितला.

निघायच्या आदल्या रात्री बॅगा भरून झाल्यावर अण्णा माझ्या खोलीत आले. दारातूनच म्हणाले, "त्या दिवशी तू डबा आणला होतास ना, त्या माणसाचं नाव मला अजून आठवतंय." त्यांनी नाव सांगितलं. "नंतर सुटला तो. निर्दोष. बाजारात दिसायचा. मी रस्ता बदलायचो." आणखी काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

पुढची बीट मीटिंग या महिन्याच्या अखेरीला आहे. आमच्या खालच्या मजल्यावर एक गुजराती मावशी राहतात, त्यांच्या दुकानाची काच दोनदा फुटली, पण इंग्रजी येत नाही म्हणून त्यांनी पोलिसांत सांगितलं नाही. या वेळी त्यांना घेऊन जाणार आहे. त्या हिंदीत बोलतील, मी सांगेन. आणि त्याच्या पुढच्या महिन्यात आम्ही दोघं पुन्हा जाऊन मागच्या वेळचं विचारू.